स्पीकरच्या बॉडीत भंगारातलं एबीएस : प्रकल्प नोंदी

६ मे २०२४, सोमवार

आज कस्टमरबरोबर पहिली मीटिंग झाली. ब्लूटूथ स्पीकरची जी काळी बॉडी आपण भोसरीत मोल्ड करतो, म्हणजे पुढची फ्रेम, मागचं कव्हर आणि खालचा बेस, त्यात दिवाळीच्या लॉटपासून ५० टक्के रिसायकल्ड एबीएस (घरगुती उपकरणांच्या बॉडीचं टणक प्लास्टिक) हवंय. बोर्ड, बॅटरी, स्पीकर युनिट हे सगळं त्यांचं ते बघणार, आपल्याकडे फक्त प्लास्टिक.

शॉपवर सांगितलं तर सगळ्यांचं म्हणणं एकच, आपण रनर (मोल्डमध्ये प्लास्टिक पोचवणाऱ्या वाटेत उरलेला तुकडा) ग्राइंड करून पंधरा-वीस टक्के टाकतोच की मटेरियलमध्ये, तेच दाखवा. ते चालत नाही. आयएसओ १४०२१ या पर्यावरणाच्या दाव्यांच्या स्टँडर्डमध्ये स्पष्ट आहे की ज्या प्रोसेसमधून तुकडा निघाला त्याच प्रोसेसमध्ये तो परत टाकला तर त्याला रिसायकल्ड कंटेंट म्हणता येत नाही, ती फक्त चांगली सवय झाली. कस्टमरला हवंय ते पोस्ट कन्झ्युमर, लोकांच्या घरात वापरून झालेलं, भंगारात गेलेलं आणि तिथून परत आलेलं. मला हे मनापासून पटलं. कारण रनर कचऱ्यात कधी जाणारच नव्हता, मिक्सरची फुटलेली बॉडी मात्र जाते.

११ मे, शनिवार

तीन-चार सप्लायरकडून दाण्यांचे सॅम्पल आले. कागदावर सगळे छान. एमएफआय (वितळल्यावर किती सहज वाहतं), इझॉड (फटका किती सोसतं), डेन्सिटी, सगळं व्हर्जिनच्या, म्हणजे नव्या कोऱ्या मालाच्या, जवळपास लिहिलेलं. पण आपल्या लॅबमध्ये २२० डिग्री, १० किलोवर एमएफआय घेतला तर एकाच सप्लायरच्या दोन बॅगांत एक १९ आणि दुसरी ३१. ज्याने मशीन चालवलंय त्याला याचा अर्थ लगेच कळेल. १९ वर सेट केलेलं मशीन ३१ वर फ्लॅश मारणार (माल मोल्डच्या फटीतून बाहेर येणार), आणि ३१ वर सेट केलं की १९ ची बॅग आली त्या दिवशी शॉर्ट शॉट (पीस अर्धवट भरलेला). ऑपरेटर बिचारा शिफ्टभर प्रेशरशी झगडत बसणार आणि शेवटी म्हणणार की रिसायकल मटेरियल बेकार असतं.

बेकार नसतं, एकसारखं नसतं. हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दुसऱ्यावर काम करता येतं. सप्लायरला विचारलं तुमचा माल येतो कुठून, तर म्हणाले मार्केटमधून. आता ते मार्केट बघायलाच पाहिजे.

१८ मे, शनिवार

चिखलीजवळच्या कुदळवाडीत गेले होते. भोसरीत इतकी वर्षं काम करते, पण भंगाराच्या या शेड आतून कधी बघितल्या नव्हत्या. आज एका कंपाउंडरने (चुरा वितळवून, मिसळून दाणे बनवणाऱ्याने) ओळखीच्या शेडमध्ये नेलं. बाहेर मोडकी वॉशिंग मशिन्स, आत मिक्सर, कीबोर्ड, प्रिंटर, टीव्हीची मागची कव्हरं, व्हॅक्यूम क्लीनर, सगळ्याचे ढीग. पाच-सहा बायका खाली बसून हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हरने सुटं करत होत्या आणि हाताला लागेल तो तुकडा न बघितल्यासारखा वेगवेगळ्या पोत्यात फेकत होत्या. न बघता नाही, फार बघून. मी एका मावशींजवळ बसले आणि विचारत गेले.

त्यांनी मिक्सरच्या बॉडीचा तुकडा घेतला, फरशीवर आपटला, आवाज ऐकवला. मग फ्रिजच्या आतल्या अस्तराचा तुकडा आपटला. म्हणाल्या, "हा पत्र्यावानी वाजतो, ही हिप्स. तो भरीव वाजतो, ते एबीएस." (हिप्स म्हणजे रबर मिसळलेलं पॉलिस्टायरीन.) मला दुसऱ्यांदा ऐकल्यावर फरक कळला, पहिल्यांदा नाही. शंका आली तर लायटर लावून वास घेतात. पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) वास मेणबत्तीचा, नायलॉनचा जळलेल्या केसांचा, एबीएस आणि हिप्स दोन्हींचा काळा धूर, पण एबीएसला रबराचा उग्र वास जास्त. (हा वास रोज घेणं तब्येतीला वाईट, हे वेगळं सांगायला नको, ते पुढे बघायचंय.) शेडमधले एक काका धारावीच्या तेरा नंबर कंपाउंडमध्ये हे काम शिकून आलेले, ते तर नखाने खरवडून सांगतात.

पण खरी गोष्ट मला नंतर कळली. मावशींना आवाज आणि वास लागतोच असं नाही. त्या वस्तू ओळखतात. कुठल्या मशीनचा कुठला भाग आहे हे दिसलं की मटेरियल कळलं. फ्रिजचं अस्तर हिप्स, मिक्सर एबीएस, कीबोर्ड एबीएस, वॉशिंग मशीनचा टब पीपी, टीव्हीचं मागचं कव्हर बहुतेक हिप्स. प्रिंटरला मात्र दोन्ही असतं म्हणून तो आपटून बघायचा. आणि हे सगळं ज्ञान कधीपर्यंत उपयोगी? तुकडा क्रशरमध्ये जाईपर्यंत. एकदा त्याचा बारीक काळा चुरा झाला की मावशीच काय, कोणालाच काही सांगता येत नाही.

मोठ्या प्लँटमध्ये इन्फ्रारेडने प्लास्टिक ओळखतात, पण काळ्या प्लास्टिकमधला कार्बन ब्लॅक (काळा रंग देणारी काजळी) ते किरण खाऊन टाकतो, मशीनला काहीच दिसत नाही. आणि पाण्यात बुडवून वेगळं करायचं म्हटलं तर हिप्सची डेन्सिटी १.०४ आणि एबीएसची १.०५, दोन्ही सोबतच बुडतात. म्हणजे आपल्याला हवं ते काम आत्ता या शेडमध्ये फक्त या बायकांचे हात करू शकतात, आणि बहुतेक व्यापारी नेमकं तेच टाळून आधी सगळं एकत्र क्रश करतात कारण सॉर्टिंगला वेळ लागतो आणि त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. एमएफआय १९ आणि ३१ चं उत्तर मला इथे मिळालं.

२७ मे, सोमवार

आज एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी वस्तूतली मूलद्रव्यं मोजणारं हातातलं यंत्र) भाड्याने आणली होती. ढिगातल्या वस्तूंवर एकेक लावून बघितलं. मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, काळे कीबोर्ड, ब्रोमीन नाहीच किंवा फार तर काही दहांच्या घरात पीपीएम (दहा लाखांत किती भाग). जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीच्या मागच्या कव्हरावर लावली तर पीपीएममध्ये नाही, टक्क्यांत आकडा आला आणि सोबत अँटिमनी. दोन्ही एकत्र दिसले की समजायचं, आग लागू नये म्हणून घातलेलं ब्रोमीनचं रसायन आहे. त्या काळात टीव्ही आत तापायचे, पेटायचे, त्यासाठी घालत होते. त्यातली पीबीडीई या गटातली रसायनं आता ई-कचऱ्याच्या नियमात १००० पीपीएमच्या वर चालत नाहीत. एक्सआरएफ फक्त एकूण ब्रोमीन सांगतं, ते कुठल्या रसायनातलं हे कळायला जीसी-एमएस (रसायनं वेगळी करून ओळखणारी लॅब टेस्ट) करावं लागतं. म्हणून आपण आपली मर्यादा ३०० पीपीएम एकूण ब्रोमीन ठेवली, त्याच्या खाली असेल तर पुढे, वर असेल तर लॉट बाजूला.

एक गोष्ट खटकली. एक पांढरा, अगदी साधा कीबोर्ड २०० च्या वर दाखवत होता. कीबोर्डमध्ये हे रसायन घालायचं काहीच कारण नाही. म्हणजे तो कीबोर्ड बनला तेव्हाच त्यात कोणीतरी टीव्हीचं रिसायकल मटेरियल मिसळलं होतं. हीच गोष्ट उद्या आपल्या स्पीकरमधून पुढे जाऊ शकते, मुलांच्या खोलीत ठेवायची वस्तू आहे ती. टीव्हीची कव्हरं आपल्या लॉटमध्ये अजिबात नाहीत, हे आज लेखी ठरलं.

शिवाय मिठाच्या पाण्याची टाकी. १०० लिटर पाण्यात साधारण १६ किलो मीठ टाकलं की डेन्सिटी १.१० च्या आसपास येते, हायड्रोमीटर लावून नक्की करायची. साधं एबीएस त्यात तरंगतं, ब्रोमीनवालं १.१५ च्या वर असतं, ते खाली बसतं. आज बादलीत करून दाखवलं. टीव्हीचा चुरा आणि मिक्सरचा चुरा एकत्र टाकून ढवळला, अर्ध्या मिनिटात वर एक थर, खाली एक थर, शेडचे मालक स्वतः हात घालून बघत होते. पीसी-एबीएस (पॉलिकार्बोनेट मिसळलेलं एबीएस) आणि काच भरलेलं मटेरियलही खालीच जातं, त्यात चांगला माल थोडा वाया जातो, चालेल.

खाली बसलेल्याचं करायचं काय, हा प्रश्न मालकांनीच विचारला, योग्यच विचारला. ते दुसऱ्या कोणाला विकलं तर फिरून परत कुठल्यातरी कीबोर्डमध्ये येणार. रांजणगावला घातक कचऱ्याचं केंद्र आहे तिथे पाठवायचं, त्याचा खर्च मटेरियलच्या दरात धरायचा. पर्चेसला हे पटवायला वेळ लागेल.

१० जून, सोमवार

पहिली ट्रायल. शनिवारी पुण्यात धो धो पाऊस झाला, हवा ओली, आणि मागच्या कव्हरवर गेटपासून (जिथून प्लास्टिक मोल्डमध्ये शिरतं) सुरू होऊन पार कडेपर्यंत सिल्व्हर मार्क, म्हणजे चंदेरी रेघा. सगळ्यांनी सांगितलं ओलावा. मान्य, एबीएस हवेतलं पाणी ओढतं, आणि जून-जुलैत साध्या हॉपर ड्रायरमध्ये तीच ओली हवा गरम करून फिरवली तर काय वाळणार. डीह्युमिडिफायर ड्रायरवर घेतलं, ८० डिग्री, चार तास, ओलावा मोजला, ०.०५ टक्के. तरी मार्क आहेतच, कमी झाले पण आहेत.

म्हणजे हे पाणी नाही. बॅरल (मशीनची प्लास्टिक वितळवणारी नळी) २३० डिग्रीवरून २१५ वर आणलं, स्क्रूचा स्पीड कमी केला, मार्क अर्ध्याहून कमी झाले. पर्ज केलेल्या (बॅरलमधून बाहेर काढलेल्या) गोळ्याचा वास घेतला तर गोड उग्र वास, स्टायरीनचा. जुन्या मटेरियलमध्ये उडून जाणारे घटक, जुना रंग, स्टिकरचा गोंद, काय काय असतं आणि ते बॅरलमध्ये गॅस होतं. हे मोल्डिंगला थांबवता येत नाही, कंपाउंडिंगलाच काढायला पाहिजे. कंपाउंडरला फोन केला, त्याच्या ट्विन स्क्रू मशीनला व्हॅक्यूम व्हेंट (गॅस ओढून घेणारं तोंड) आहे पण पंप बंद ठेवून चालवतात, वीज वाचते म्हणून. पंप चालू ठेवायचा आणि शेवटची जाळी ८० मेशऐवजी १२० मेश लावायची. १२० लावली की जाळी लवकर चोक होते, ताशी किलो कमी निघतात, दर वाढतो. वाढू दे.

२२ जून, शनिवार

आज मोठा अडथळा आला. असेंब्लीला मागच्या कव्हरचे स्क्रू बॉस (स्क्रू बसवायच्या पोकळ खुंट्या) फुटले. सगळे नाही, पण काही पीसमध्ये स्क्रू बसला, टॉर्क आला, आणि टक् असा आवाज होऊन बॉस उभा चिरला. व्हर्जिनमध्ये याच टूलवर याच स्क्रूला कधी होत नाही.

फुटलेला बॉस भिंगाखाली बघितला. चांगलं एबीएस तुटताना आधी पांढरं पडतं, ताणलं जातं, मग तुटतं. इथे तुटलेली कड स्वच्छ आणि चकचकीत, आणि एका ठिकाणी कांद्यासारखा पापुद्रा सुटलेला, नखाने ओढला तर निघून आला. म्हणजे दोन न मिसळणारी मटेरियल एकमेकांवर बसलीत. न फुटलेले पीस ग्लेशियल अॅसिटिक अॅसिडमध्ये ३० सेकंद बुडवले (खिडकी उघडून, ग्लोव्ह्ज घालून, वास डोक्यात जातो), धुतले आणि दिव्यासमोर धरले. बॉसच्या मुळाशी, जिथे वेल्ड लाइन (दोन बाजूंनी आलेलं प्लास्टिक जुळायची जागा) येते तिथे, बारीक पांढरी रेघ पूर्ण गोल फिरलेली. म्हणजे स्क्रू लावायच्या आधीच तिथे ताण बसलेला होता, स्क्रूने फक्त उघड केला.

दाणे एफटीआयआरला (इन्फ्रारेडने मटेरियल ओळखणारी लॅब टेस्ट) पाठवले. एबीएसच्या आलेखात २२३७ च्या आसपास नायट्राइलचा (हा घटक हिप्समध्ये नसतो) पीक येतो, आपल्या लॉटमध्ये तो जेवढा पाहिजे त्यापेक्षा बुटका आलाय, म्हणजे हिप्स मिसळलंय. शेडमध्ये विचारलं तर कळलं की मधल्या आठवड्यात माल कमी पडला म्हणून बाहेरून क्रश केलेला चुरा आणून भरला होता. राग काढण्यात अर्थ नाही. त्यांना आपण किलोचा दर दिला होता, सॉर्टिंगचा दर दिलाच नव्हता. किलो भरायचे म्हटल्यावर माणूस किलोच भरणार.

२९ जून, शनिवार

पालख्यांमुळे रस्ते बंद, कंपाउंडरची गाडी आलीच नाही. दुपारी दिघीच्या बाजूने वारकरी दिसत होते. सोमवारी बघू.

१ जुलै, सोमवार

कस्टमरने प्रॉडक्टमधल्या सगळ्याच रिसायकल्ड मटेरियलची यादी मागितली. धातूचं काम सोपं निघालं. आतला डायकास्ट ब्रॅकेट एडीसी १२ या अॅल्युमिनियमच्या अॅलॉयचा आहे आणि तो अॅलॉय मुळात भंगारातूनच बनवतात, कोणी कधी जाहिरात केली नाही एवढंच. खनिजापासून अॅल्युमिनियम बनवायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या जेमतेम ५ टक्क्यांत भंगार वितळवून होतं, म्हणून तो धंदा आपोआप चालतो. बोर्डच्या वेव्ह सोल्डरिंगचा ड्रॉससुद्धा (वर साचणारी मळी) सोल्डरवाला परत घेऊन जातो, त्यातलं टिन (कथील) काढतो.

आमच्या ट्रेनीने विचारलं मग मोठ्या कंपन्या आधी धातूच का करतात, अॅपलने २०१८ च्या मॅकबुक एअरची बॉडी शंभर टक्के रिसायकल्ड अॅल्युमिनियमची केली, प्लास्टिकची एवढी चर्चा नाही होत. कारण टिन शुद्ध केलं की ते टिनच, ते आधी कुठे होतं याने काही फरक पडत नाही. प्लास्टिकमध्ये आधीचं सगळं शिल्लक राहतं, ऊन, उष्णता, रंग, आग रोखायचं रसायन. एबीएसमधलं रबर, ब्युटाडाईन, हवेने हळूहळू कडक होतं आणि वितळवून ते परत मऊ होत नाही. तरी डेलने २०१४ मध्येच जुन्या कॉम्प्युटरचं प्लास्टिक नव्या कॉम्प्युटरमध्ये घातलं होतं, ऑप्टिप्लेक्स ३०३० मध्ये. म्हणजे होतं. आपल्या शेडमधल्या मालातूनही व्हायला पाहिजे.

८ जुलै, सोमवार

नवीन पद्धत. शेडला किलोचा दर वेगळा आणि सॉर्टिंगचा दर वेगळा, तोही माल क्रश व्हायच्या आधी पोत्यांची तपासणी झाली की त्याच दिवशी. प्रत्येक पोत्याला एक कागद, त्यावर वस्तूंची चित्रं छापली, मिक्सर, कीबोर्ड, व्हॅक्यूम क्लीनर, आणि समोर खूण करायची. मावशींनीच सुचवलं की प्रिंटरचं पोतं वेगळंच ठेवा, ते आपल्याला नको, कारण त्यात चुकायची शक्यता असते आणि एका पोत्याने सगळा लॉट जातो. एवढी नेमकी सूचना मला कुठल्याच सप्लायरकडून आली नव्हती.

या लॉटचे आकडे. एमएफआय वेगवेगळ्या बॅगांत २२ ते २५. नुसत्या रिसायकल्डचा इझॉड १०५ जूल प्रति मीटर, व्हर्जिनचा २१० येतो. ५०:५० मिसळून १४५. आपल्याला १५० पाहिजे. कंपाउंडरने ५ टक्के एचआरजी पावडर घातली, म्हणजे जास्त रबरवालं एबीएस, जे जुन्या मटेरियलमधलं मेलेलं रबर भरून काढतं, आणि आकडा १७० वर गेला. एचआरजी महाग आहे पण ५ टक्केच लागते. मागच्या लॉटमध्ये हीच पावडर घालून बघितली होती तेव्हा काही फरक पडला नव्हता, कारण हिप्स आत असताना रबर घालून पापुद्रे थांबत नाहीत.

बॉसची जाडी पण थोडी वाढवली, टूलमध्ये पिन बदलून. स्क्रू लावले, एकही फुटला नाही. अॅसिडमध्ये रेघ आहे पण तुटक आणि फिकट.

१९ जुलै, शुक्रवार

आज रंगावरून लांबलेली मीटिंग. मार्केटिंगला पियानो ब्लॅक हवाय, आरशासारखा. या मटेरियलला ते जमणार नाही, १२० मेशमधून निघालेला बारीक कणसुद्धा चकचकीत भागावर दिसतो. टेक्स्चर केलेला मॅट काळा घेतला तर फ्लो मार्क पण झाकले जातात आणि हाताचे डागही दिसत नाहीत. सॅम्पल दोन्ही ठेवले, शेवटी मॅट मान्य झाला, त्यांनाच तो जास्त आवडला असं वाटलं.

माझा मुद्दा दुसरा होता. आपण परत कार्बन ब्लॅकचा मास्टरबॅच (रंगाचे दाट दाणे) घातला तर हा स्पीकर भंगारात जाईल तेव्हा इन्फ्रारेड सॉर्टरला तो दिसणार नाही, जो त्रास आपण आज भोगतोय तोच पुढच्याला. कार्बन नसलेला काळा मास्टरबॅच मिळतो, डोळ्याला काळा, सॉर्टरला पारदर्शक. महाग आहे, आणि आपल्या मालातला जुना काळा मिक्सर आतमध्ये असणारच, त्यामुळे निम्मा कार्बन तसाही येतो. यावर कस्टमरच्या इंजिनियरचं म्हणणं की मग उपयोग काय. माझं म्हणणं, फिकट रंगाच्या वस्तूंची पोती वेगळी करता आली तर उपयोग आहे. पांढरे, पिवळे पडलेले कीबोर्ड, मिक्सरच्या क्रीम बॉडी, भरपूर येतात. मावशींना विचारलं, म्हणाल्या रंगाने वेगळं करणं तर सगळ्यात सोपं. पांढऱ्या कीबोर्डचं पोतं मात्र गन लावल्याशिवाय घ्यायचं नाही, मे महिन्यात बघितलंय. पुढच्या मॉडेलला करायचं ठरलंय, मिनिट्समध्ये लिहून घेतलंय.

२७ जुलै, शनिवार

परवा पुण्यात पूर आला, सिंहगड रोडला घरांत पाणी. आपल्या शेडमध्ये शिरलं नाही पण बाहेरची पोती भिजली, चिखल आत गेला. परत धुवायला घेतलीत. डिलिव्हरी चार-पाच दिवस पुढे जाईल, प्लॅनिंगला सांगितलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

टेस्टिंग. एक मीटरवरून ड्रॉप, कोपऱ्यावर, कडेवर, सपाट. कोपऱ्याला ठेच आली, तडा नाही. ७० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवून परत ड्रॉप, तेही पास. आवाजाची स्वीप टेस्ट कस्टमरकडे झाली, बॉडीचा खरखराट नाही. वासाची भीती होती, म्हणजे खोका उघडल्यावर ग्राहकाला भंगाराचा वास यायला नको. बंद डब्यात गरम करून वेगवेगळ्या लोकांना वास घ्यायला लावला, व्हॅक्यूम पंप चालू ठेवलेल्या लॉटला कोणी काही बोललं नाही. एक्सआरएफ सगळ्या लॉटला १०० पीपीएमच्या आत, कॅडमियम, शिसं काही नाही. एका सॅम्पलचं जीसी-एमएस बाहेरून करून घेतलं, पीबीडीई नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

कागदांचा दिवस. रिसायकल्ड कंटेंटचं सर्टिफिकेट पाहिजे तर मालाचा प्रवास मुळापासून कागदावर दिसायला हवा, कोणाकडून आला, किती किलो, कधी. कंपाउंडरपर्यंत बिलं आहेत. शेडपर्यंत आहेत. शेडच्या मागे हातगाडीवाला, त्याच्या मागे घरोघरी फिरणारा, तिथे बिल कुठून आणायचं. प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ऑक्टोबर २०२१ मध्ये ५ वरून १८ टक्के झाला, तेव्हापासून लहान लोक बिलात यायला अजूनच तयार नसतात.

आणि मुख्य अडचण अशी की ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात रिसायकलरला ईपीआर (उत्पादकाची वाढीव जबाबदारी) सर्टिफिकेट मिळतं ते सोनं, तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्यासाठी. प्लास्टिकला नाही. पॅकेजिंगच्या प्लास्टिकला वेगळे नियम आहेत, तिथे टक्केवारी सक्तीची आहे, पण मिक्सरच्या बॉडीला काही नाही. म्हणजे अधिकृत रिसायकलरला तांबं काढलं की काम झालं, प्लास्टिक तो जो नेईल त्याला देतो, एकत्र, क्रश करून. मला वाटतं हे बदलायला पाहिजे, एबीएस आणि हिप्स वेगळं करून देणाऱ्याला त्याचं काहीतरी मिळायला पाहिजे.

तूर्त मार्ग असा काढला की शेडच्या आधीची नोंद आपण वजनकाट्यावर घेतो, आणणाऱ्याचा अंगठा किंवा सही, वस्तूचा प्रकार आणि किलो. ऑडिटरला हा कच्चा नमुना दाखवला, चालेल म्हणाले, सहा महिन्यांनी परत बघणार. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांच्या संघटनेचं, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं, काम १९९३ पासून आहे आणि त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सदस्य ई-कचराही गोळा करतात, तिथून थेट माल घेता आला तर ही साखळी आणखी स्वच्छ होईल. भेटीची वेळ मागितली आहे.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

पायलट लॉट निघाला. रिजेक्शन व्हर्जिनपेक्षा थोडं जास्त, मुख्यतः काळे डाग नाहीत तर गेटजवळचा ब्लश (फिकट डाग), स्पीड प्रोफाइल बदलून कमी होतंय. ऑपरेटर लोकांची एमएफआयबद्दल तक्रार एकदाही आली नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

आज टूलवर तीन छोटे बदल करून घेतले, हे कोणी मागितले नव्हते पण शेडमध्ये बसून जे बघितलं त्यावरून. एक, प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला मटेरियलची खूण, मोठ्या अक्षरात, जिथे हातोडी मारल्यावरही वाचता येईल अशी. दोन, मागचं कागदी स्टिकर काढून तीच माहिती लेझरने, कारण स्टिकरचा गोंद आणि कागद जाळी चोक करतो. तीन, कापडी ग्रिल गोंदाने चिकटवण्याऐवजी क्लिपवर. मावशींना सॅम्पल नेऊन दाखवला आणि हातोडी दिली. त्यांनी हातोडी बाजूला ठेवली, स्क्रू काढले, क्लिप दाबली, सगळं सुटं केलं आणि म्हणाल्या "हे असं सगळ्यांनी बनवलं तर आमचं काम निम्मं होईल." बॅटरी मात्र त्यांना काढायला अवघड गेली, डबल टेपने चिकटवलेली आहे. ते कस्टमरच्या हातात आहे, आज मेल टाकली, फोटोसकट.

शेडमध्ये लायटरच्या जागी आता एक्झॉस्ट फॅन लावलेलं छोटं टेबल बसवलंय, आणि वस्तूवरून ओळखायची पद्धत असल्यामुळे जाळून बघायची वेळ फार कमी येते.

२ सप्टेंबर, सोमवार

मुख्य लॉटचं मटेरियल आलं, तपासलं, लागलं. गणपतीला निम्मी मुलं गावी जाणार म्हणून दोन शिफ्ट आधीच वाढवल्यात. सॉर्टिंगचा वेगळा दर पर्चेसने वर्षभरासाठी लिहून दिला, त्यासाठी बरीच भांडणं झाली पण झाला. एकूण हिशेबात आपलं ५० टक्क्यांचं मिश्रण व्हर्जिनपेक्षा स्वस्त पडत नाही, जवळपास तेवढंच पडतं, आणि मी ते तसंच रिपोर्टमध्ये लिहिलंय. स्वस्त करायला गेलो तर पहिली कात्री लागेल ती सॉर्टिंगच्या दराला आणि मग बॉस फुटतील.

कस्टमरने लगेच चार्जरच्या अॅडाप्टरची बॉडी पण याच मटेरियलमध्ये विचारली. मी नाही म्हणाले. तिथे व्ही-झिरो (पेटलं तरी लवकर विझणारं) पाहिजे, आपलं मटेरियल साधं एचबी (हळूहळू जळत राहणारं) आहे, आणि मेनच्या व्होल्टेजला असल्या तडजोडी नाहीत. त्यासाठी पीसी लागेल, हॅलोजन नसलेल्या रसायनाबरोबर. पाण्याच्या २० लिटरच्या जुन्या जारमध्ये चांगलं पीसी असतं, पण सगळे जार पीसीचे नसतात, पेटचेही असतात. बुधवारी शेडमध्ये दोन्ही प्रकारचे जार मागवलेत, मावशी ते कशावरून ओळखतात ते बघायचंय.